प्रणालीची चुकलेली उत्तरं

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शुक्रवार होता. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्यात सहावीचे गणिताचे पेपर तपासत बसले होते... अल्लीपूरच्या पुढे आमचं छोटं गाव, तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते.

प्रणालीचा पेपर हातात आला आणि मी थबकले. वीसपैकी अकरा! वर्गात माझं फळ्यावर लिहून व्हायच्या आत जिचं उत्तर तयार असतं, ती ही मुलगी.

बरं नसेल तिला, असं वाटलं. पण चुका पुन्हा पाहिल्या तेव्हा लक्षात आलं... प्रत्येक चुकलेलं उत्तर बरोबर उत्तराहून नेमकं एकने जास्त होतं. अठ्ठेचाळीसच्या जागी एकोणपन्नास, एकशे वीसच्या जागी एकशे एकवीस. म्हणजे बाईसाहेबांनी आधी बरोबर काढलं होतं आणि मग चुकवलं होतं.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. "मुद्दाम चुकवलंस ना?" ती खाली बघत वेणीशी चाळा करत राहिली. रागावणार नाही म्हटलं, तेव्हा कुठे बोलली.

"बरोबर आलं का तुम्ही मले सगळ्याइच्या वह्या तपासाले देता मॅडम. म्या चूक काढली का पोरी बोलत नाईत माह्याशी... अन् मले तं काईच नवीन भेटत नाई."

वह्या तपासायला देणं म्हणजे मी तिचं कौतुक करत होते, असं मला वाटत होतं! मागे पडलेल्या मुलांसाठी मी जादा तास घेते, घरी जाऊन पालकांना भेटते... आणि प्रणालीचं काय, तिला येतंच, म्हणून दीड वर्षं तिला तशीच बसवून ठेवली होती.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच सोमवारी शेजारच्या हायस्कूलमध्ये गेले. आमच्या दोन्ही शाळांच्या मध्ये फक्त एक मैदान. तिथल्या गणिताच्या सरांना विचारलं, रोजचा एक तास हिला नववीत बसू द्याल का? सर हसलेच आधी. तिचे पेपर दाखवल्यावर मात्र एकेक उत्तर निरखून पाहिलं आणि म्हणाले, आठ दिवस बसू द्या, मग पाहू. दोन्ही मुख्याध्यापकांनीही हो म्हटलं.

तिच्या आईला भेटायला शेतात गेले. कापूस वेचत होती. तिने ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काळजी होती. "तिले झेपन का मॅडम? मोठ्या पोराईत बुजून जाईन ते." मग थोडा वेळ हात थांबवून म्हणाली, "पण घरी बी चूपचापच राह्यते आजकाल... न्या. पाहून घ्या."

पहिल्या दिवशी मीच सोडायला गेले. नववीच्या बाकावर तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. परत येताना तीनदा मागे वळून पाहिलं... भीती तिला कमी आणि मलाच जास्त वाटत होती.

तीन दिवस ती परत आली की काही न बोलता जागेवर बसायची. चौथ्या दिवशी मात्र मैदानातून पळत आली. धाप लागलेली, वेणी सुटलेली, हातात वही. मी घाबरूनच गेले... कोणी काही बोललं की काय?

"मॅडम, मले नाई आलं!"

असा फुललेला चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. "सरनं दोनदा सांगतलं, तरी नाई आलं! दोनाचं वर्गमूळ काढून राह्यली होती... अख्खं पान भरलं, ते संपतच नाई. काऊन नाई संपत मॅडम?"

वही पाहिली. दशांश चिन्हापुढे अंकांची रांग, थेट खालच्या ओळीपर्यंत. खोडाखोड, पुन्हा भागाकार, पुन्हा खोडाखोड...

खरं सांगायचं तर मलाही सांगता येईना. संपत नाही एवढं पाठ होतं, का संपत नाही हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं, "मलाही नाही माहीत गं."

मला वाटलं, हिरमुसेल. तिने दप्तर खाली ठेवलं, बाकावर सरकून मला जागा करून दिली आणि म्हणाली, "मंग बसा ना. दोघी मिळून पाहू."

मी सरांकडून नववीचं पुस्तक आणलं. दोन दिवस लागले आम्हाला... आधी तिला कळलं, मग तिने मला समजावलं.

नववीतला तास आता कायमचा झालाय. सरांचे आणि तिच्या आईचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पण इतक्या वर्षांनी मला पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बाकावर बसवलं, त्याबद्दल प्रणाली, तुझे सगळ्यात जास्त...