गिरणीतलं वय

मी निघाले त्या दिवशी चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर माझंच अक्षर होतं. 'दुःखद निधन. दुसऱ्या मजल्यावरील श्री. सावंत. वय सत्तावन्न.' दोन दिवसांपूर्वी खडूने मीच लिहिलं होतं आणि पुसायचं राहून गेलं होतं. आईने हातावर दिलेलं दही चाटून झालं होतं, दादाने दोन्ही बॅगा उचलल्या होत्या, आणि काळाचौकीतली आमची अख्खी चाळ मला टॅक्सीपर्यंत पोचवायला खाली उतरली होती. एकटे बाबा वरच होते. चौथ्या मजल्यावरून उतरणं त्यांना जमलं असतं, पण परत चढताना प्रत्येक मजल्यावर बसावं लागलं असतं, आणि लेकीसमोर ते त्यांना नको होतं. मी वळून बघितलं तर कठड्यावरून म्हणाले, "वर बघू नको. पायरी बघ." एवढ्या पाच शब्दांनीही त्यांना धाप लागली.

तुमच्यापैकी जे तिथेच राहिले, आणि जे माझ्यासारखे कुणी विरारला, कुणी बदलापूरला, कुणी विमानाने लांब गेले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्हाला फळा आठवत असेल. अक्षर चांगलं म्हणून सातवीपासून ते काम माझ्याकडे होतं. पाण्याची वेळ, मंडळाची सभा, आणि निधन. कुणी गेलं की मी आधी त्या घरी जायचे आणि वय विचारायचे. तेव्हा हमखास एक प्रश्न उलटा यायचा, "कुठलं लिहितेस? घरातलं की गिरणीतलं?"

बाहेरच्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमचे बाप कोकणातून आले ते बारा-चौदा वर्षांचे. कामावर लावणारा जॉबर बहुधा गावचाच असायचा. तो गेटवर शिकवून ठेवायचा की वय विचारलं तर अठरा सांग. बाबा चौदाचे होते. "मिशीचा पत्ता नव्हता, तरी घेतलं," हे ते हसत सांगायचे, जणू त्यांनीच गिरणीला फसवलं होतं. तेव्हापासून बाबांना दोन वयं झाली. गिरणीतलं वय कागदोपत्री चालायचं, घरातलं फक्त आजीला आणि पुढे आईला माहीत होतं. निधन म्हणजे कागदोपत्री काम, म्हणून फळ्यावर गिरणीतलंच यायचं. सावंतकाकांचे सत्तावन्न गिरणीचे होते. खरे किती, ते मी विचारलंही नाही. मला विमान गाठायचं होतं.

मी आले ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात. कुठल्या वस्तीतली माणसं किती जगतात आणि का, हे मोजायचं शिक्षण घ्यायला. पहिल्याच हिवाळ्यात वाचनालयात एका पुस्तकात मला बाबा सापडले. सोमवारी छाती भरते, शनिवारपर्यंत जरा बरं वाटतं, रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा सोमवारी भरते, आणि काही वर्षांनी आठवड्याचे सगळे वार सोमवार होतात. कापसाच्या धुळीचा आजार. त्याला नाव होतं, कायदा होता, भरपाई होती. आमच्या घरी त्याला फक्त 'सोमवार' म्हणायचे. बाबांनी वीस वर्षं ब्लोरूममध्ये काढली होती, जिथे कापसाच्या गाठी फोडतात. संपानंतर गिरणी गेली आणि ते शिवडीच्या गोदामात ओझी उचलायला लागले, पण सोमवार सुटला नाही. गिरणी तीच, यंत्रं याच देशातून गेलेली, धूळ तीच. इथल्या फुफ्फुसाला आजार झाला आणि तिथल्या फुफ्फुसाला म्हणे बिडी बाधली. बाबा बिडी ओढत नव्हते. हे वाचून मी वाचनालयाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते दुःखाने नव्हतं, संतापाने होतं. तो संताप अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. त्याआधी महिनाभर दादा त्यांना नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेत होता. डॉक्टरने बाबांचं गिरणीचं जुनं कार्ड बघितलं, म्हणाला, "बासष्ट ना? मग या वयात एवढं होणारच." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला चार वर्षं आधीच म्हातारा ठरवून परत पाठवलं. आणि त्या डॉक्टरला तरी काय बोलू? बाबा गेल्यावर दादाने फोनवर विचारलं, "सुमे, फॉर्मवर वय काय लिहू?" मी, माणसांची वयं मोजून पोट भरणारी, म्हणाले, "कागदावर आहे तेच लिही. उगाच गोंधळ नको."

हे विसरून मी पुढे बरीच वर्षं सुखाने नोकरी केली. मग आमच्याकडे एक प्रोजेक्ट आला. मुंबईतल्या जुन्या गिरणी कामगारांच्या नोंदी, कामावर लागतानाचं वय आणि मृत्यूचं वय. माझी विभागप्रमुख हेलन चांगली बाई आहे. ती खुशीत माझ्या टेबलापाशी आली. वाटलं होतं त्यापेक्षा ही माणसं जास्त जगली होती. मी स्क्रीनवर बघितलं. पहिल्या रकान्यात अठरा, अठरा, अठरा. पानामागून पान, सगळे अठराव्या वर्षी कामाला लागलेले. हेलनला त्यात शिस्त दिसली. मला गेटवरची मिशी न फुटलेली पोरं दिसली. त्यांनी न जगलेली वर्षं त्यांच्या आयुष्यात धरली होती. आधी पोरांचं बालपण घेतलं, आणि आता तेच बालपण म्हातारपणाच्या टोकाला जोडून म्हणत होते, बघा, चांगले जगले की.

गेल्या वर्षी त्या आकड्यांवर मुंबईत कॉन्फरन्स झाली. परळलाच, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या हॉटेलात. कार्पेट इतकं जाड की पाय कुठे पडतो ते कळत नव्हतं. व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले की गिरणगावचा माणूस मुळातच चिवट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून अठराची गोष्ट सांगितली. ते अगदी गोड हसले आणि म्हणाले, "आठवणी मौल्यवान असतात मॅडम, पण पुरावा हवा." मग सगळे जेवायला गेले.

मी जेवले नाही. तशीच चालत काळाचौकीला आले, वही काढली आणि आईसमोर बसले. आई चाळीतली सगळ्यात जुनी बाई आता. एकेक नाव घेतलं तशी ती सांगत गेली. सावंत? गिरणीचे सत्तावन्न, खरे त्रेपन्न. त्यांच्या बायकोने तिला नळावर सांगितलेलं. कुणी गावात आग लागली त्या साली जन्मलेला, कुणी धाकट्या दिराच्या बारशाला रांगत होता. बाबांचं नाव आल्यावर ती थांबली नाही. "गिरणीचे बासष्ट. माझ्या हिशेबाने अठ्ठावन्न. तुझी आजी सांगायची, साकव व्हावान गेलो त्या पावसातलो." म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला त्या पावसाळ्यातला. दोन दिवसांत एकतीस माणसं झाली, आणि एकाचंही घरातलं वय गिरणीतल्या वयाइतकं निघालं नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, मला माहीत आहे. कोण म्हणत नाही, तेही माहीत आहे.

दादा दारात बसून ऐकत होता. जिना चढून आल्यापासून त्याचा श्वास जाग्यावर आला नव्हता. तो लालबागच्या एका टॉवरवर वॉचमन आहे, त्याआधी शिवडीला कोळशाच्या धुळीत होता. मी म्हटलं, "उद्या तुझी छाती दाखवायची. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीत बाईंनी वय विचारलं. दादा त्रेपन्नचा आहे. पण वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पन्नाशीच्या आतली माणसं लागतात, म्हणून आधार कार्ड काढतानाच एजन्सीच्या माणसाने त्याला चार वर्षं कमी सांगायला लावली होती, हे मला त्या रांगेत कळलं. आणि इथला कागद एजन्सीला दाखवायचा होता. बाबांना कामावर लागायला चार वर्षांनी मोठं व्हावं लागलं, दादाला कामावर टिकायला चार वर्षांनी लहान. मागची रांग कुरकुरायला लागली. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "सुमे, तूच सांग."

दोनच दिवसांपूर्वी मी जाड कार्पेटवर उभी राहून खऱ्या वयाबद्दल भाषण केलं होतं.

"एकोणपन्नास," मी म्हणाले.

डॉक्टर तरुण होती, तिने नीट तपासलं. कागद बघून म्हणाली, "या वयात एवढी धाप लागायला नको. काही व्यसन?" दादाने नाही म्हणून मान हलवली. मी धुळीबद्दल सांगितलं, तिने ते लिहून घेतलं. औषध सुरू झालं आहे, नोकरीही आहे. उद्या त्याचाही आकडा कुणाच्यातरी रकान्यात जाईल आणि तो आकडा चुकीचा असेल. तो मी सांगितलेला असेल.

परत निघाले त्या दिवशी बाबांची पुण्यतिथी होती. फळ्यावर आता मेट्रोची आणि पुनर्विकासाची पत्रकं चिकटवतात. ती मी बाजूला सारली आणि खडूने बाबांचं नाव लिहिलं, खाली 'वय अठ्ठावन्न'. येणाऱ्या-जाणाऱ्या नव्या भाडेकरूंना ते कळलं नसेल. दादाने मात्र वाचलं, आणि माझी बॅग उचलायला गेला. मी ती त्याच्याकडून काढून घेतली.

लोक मला विचारतात, घर कुठलं. पूर्वी मी काळाचौकी म्हणायचे. पण चाळ पडणार आहे, फळा जाणार आहे, आणि मी स्वतः चोविसाव्या वर्षीच तिथून निघाले. आता मला वाटतं, ज्या माणसाला माझं खरं वय कागद न बघता ठाऊक आहे, तो जिथे बसलाय ते माझं घर. म्हणजे आई. इथून फोन केला की ती आजही माझ्या वयापासूनच सुरुवात करते, अमुक पूर्ण झाली ना, गुडघे सांभाळ.

त्या वहीत एकतीस नावं झाल्यावर मी तिलाही विचारलं होतं, "आई, तुझं खरं वय किती?" तिचे आईबाप ती चालायला लागायच्या आत गेले, मामाकडे वाढली. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय." तिची ओळ मी लिहून ठेवली आहे. नाव आहे, पुढची जागा कोरी आहे, आणि ती भरू शकेल असं या जगात कुणी नाही.