चार वाजताचं पाकीट

आमच्या गावात ज्याच्याकडे पेपरची एजन्सी, तोच त्या पेपरचा वार्ताहर, असा नव्वदच्या दशकात रिवाज होता. त्याला लिहिता येतं की नाही, हे कुणी विचारत नसे. बाजारपेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि नागपूरहून पहाटे येणारे पेपरचे गठ्ठे आमच्याच ओट्यावर पडत. वडिलांना लिहिण्याचा कंटाळा होता. बी.ए. होऊन मी घरात रिकामाच बसलो होतो, तेव्हा गठ्ठ्यांबरोबर वार्ताहरपणही माझ्याकडे आलं.

मला ते फार आवडलं, हे कबूल करतो. खिशात ओळखपत्र होतं. नगरपरिषदेत गेलो की बाबू लोक खुर्ची पुढे करत, चहा मागवत. बातम्या काय, तर नाल्या उपसल्या, मोकाट गुरं कोंडवाड्यात घातली, अमक्या वॉर्डात दिवाबत्तीची मागणी. पण त्या माझ्या नावानिशी छापून येत, आणि दुकानात आलेलं गिऱ्हाईक वही घेता घेता म्हणे, "आज तुहं वाचलं बाबू." एवढ्यावर माझी छाती दिवसभर फुगलेली राही.

बातम्या नागपूरला जात त्या सव्वाचारच्या बसनं. मोठ्या लिफाफ्यावर 'तातडीची बातमी' लिहायचं, स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती द्यायचं. सेलूमार्गे ती बस संध्याकाळी नागपूरला पोचे आणि तिथं पेपरचा माणूस ते पाकीट उतरवून घेई. अडचण अशी, की गावातले झाडून सारे कार्यक्रम पाच वाजता होत. पुढाऱ्यांच्या झोपा झाल्याशिवाय आमच्याकडे कशाचंही उद्घाटन होत नाही. चारला पाकीट गेलं नाही तर बातमी एक दिवस शिळी होणार आणि दुसऱ्या पेपरात आधी येणार. म्हणून आम्ही सगळे वार्ताहर कार्यक्रमाच्या आधीच बातमी लिहून मोकळे होत असू. दुपारी दोनला, दुकानात बसून, 'काल सायंकाळी मोठ्या उत्साहात संपन्न झाला.' बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण एका बुजुर्ग वार्ताहरानं मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की हार तेच, भाषणं तीच, मग वाट कशाची पाहायची? एकदा प्रमुख पाहुणे आलेच नाहीत, तरी माझ्या बातमीत त्यांनी तरुणांना मोलाचं मार्गदर्शन केलं. ते स्वतः दुकानात येऊन, आपलं भाषण चांगलं घेतलं म्हणून, मला शाबासकी देऊन गेले. अशा शाबासक्या मिळाल्यावर माणूस सुधारेल कशाला?

गावाच्या कडेला भाजी पिकवणाऱ्यांची वस्ती होती. तिथल्या विहिरींचं पाणी मेथी-पालकाला चाले, पण त्यात डाळ शिजत नसे, इतकं ते जड. प्यायला आणि रांधायला नगरपरिषदेचा टँकर एक दिवसाआड येई. त्या वस्तीतली एक मावशी रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन आमच्या दारी यायची. आई तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून मेथी घेत नसे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या रेशन कार्डाचा अर्ज मीच भरून दिला होता, त्यामुळं तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव मला पाठ होतं. पुढचं सारं या पाठ असण्यानंच घडलं.

एका उन्हाळ्यात त्या वस्तीत नळयोजना आली. पाइप गाडले गेले, चौकात सार्वजनिक नळाचा ओटा बांधला गेला, आणि पाच वाजता उद्घाटन असल्याचं पत्रक माझ्याकडे सकाळीच आलं. मी नेहमीप्रमाणे दुपारी बातमी लिहायला बसलो. नागपूरच्या डेस्कवरून सारखा तगादा असे की नुसती पुढाऱ्यांची नावं पाठवू नका, लोकांच्या प्रतिक्रिया टाका, विशेषतः महिलांच्या. मला त्या वस्तीतल्या एकाच बाईचं पूर्ण नाव येत होतं. मी लिहिलं की नळाला पाणी येताच महिलांच्या चेहऱ्यावर आनंद फुलला, आणि मावशीच्या नावानं पुढे टाकलं, 'आता आमच्या डोक्यावरचा गुंड उतरला.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. गुंड हा पाणी भरायच्या हंड्यासाठी आमच्याकडचा शब्द, त्यात वस्तीचा वास होता. वस्तीवर पाऊल न ठेवता मी तो वास आणला होता. सव्वाचारला पाकीट बसमध्ये टाकलं आणि तिथून सायकलनं थेट कार्यक्रमाला गेलो.

मावशी पुढेच उभी होती. घासून लख्ख केलेला पितळी गुंड, त्याला हळदकुंकू लावलेलं. वस्तीतल्या दहा-बारा बायका तशाच गुंड घेऊन आल्या होत्या. पाहुण्यांनी नारळ फोडला, तोटी फिरवली. आधी नुसती हवा सुटली, मग पेलाभर तांबूस पाणी आलं, मग काहीच नाही. इंजिनिअर म्हणाला की एअर आहे, निकल जाएगी. पेलाभर पाण्यावर टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले, गाड्या निघून गेल्या. एअर काही निघाली नाही. मी माझा पेढा खाऊन सायकलला टांग मारली, तेव्हा मावशी अजून ओट्यापाशी रिकामा गुंड घेऊन उभी होती. तिनं मला हात केला. मीही केला.

बस गेली होती, पण वेळ गेली नव्हती. बाजारातल्या एसटीडी बूथवरून नागपूरला फोन करायचा आणि सांगायचं, ती बातमी थांबवा, पाणी आलं नाही. एवढंच करायचं होतं. मी बूथवर गेलोही. माझ्यापुढे दोन माणसं होती. त्यांचं बोलणं होईपर्यंत मी मनातल्या मनात डेस्कच्या साहेबांशी बोलत होतो. ते विचारतील, पाणी आलं नाही तर तुम्ही आलं असं लिहिलं कसं? बाईनं हे म्हटलं कधी? माझा नंबर आला तेव्हा मी बूथवाल्याला म्हणालो की फोन नंबरची डायरी घरी राहिली, आणतो. घरी गेलो आणि परत आलो नाही. नंबर मला पाठ होता.

बातमी छापून आली, चौकटीत. तिसऱ्या दिवशी वस्तीत टँकर आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. नळ आला म्हणून तो वॉर्ड टँकरच्या यादीतून काढला होता. आठवडाभरानं वस्तीतल्या बायका रिकामे गुंड घेऊन नगरपरिषदेत आल्या. मी वार्ताहर म्हणून तिथं खुर्चीवर बसलेला होतो, चहा पीत. पाणीपुरवठ्याच्या बाबूनं त्यांचं सारं ऐकून घेतलं, मग फाइलीतून कात्रण काढलं आणि मोठ्यानं वाचलं. महिलांच्या चेहऱ्यावर आनंद. मग मावशीचं नाव, नवऱ्याच्या नावासकट. मग गुंडाचं वाक्य.

सगळ्या बायका मावशीकडे वळल्या. ती त्यांच्यातच होती, रिकामा गुंड काखेत धरून.

ती म्हणाली, "म्या नाई म्हनलं असं."

बाबू म्हणाला, "छापून आलं आहे, बाई. हे काय, लिहिणारे इथंच बसले आहेत. विचारा यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आता हा सांगेल आणि सुटेल, असं पाहिलं. त्या खोलीत एका वाक्यात टँकर परत सुरू होणार होता आणि ती खोटी नाही हे वस्तीला कळणार होतं. बोलणारा मी एकटाच होतो. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी सारेच खुशीत होते."

आजवर मी शेण पुष्कळदा खाल्लं आहे, पण या वाक्याएवढं कधी नाही. त्यात मी खोटं बोललो नाही असं मला त्या वेळी वाटलं, हे आणखी वाईट. बाबूनं फाइल बंद केली. बायका जिना उतरताना कुणीतरी मावशीला म्हणालं की तुहा उतरला असन, आमचा तर डोक्यावरच आहे. मी खालमानेनं वहीत मोर्च्याची बातमी लिहीत बसलो. ती बातमीही मी पाठवली. त्यात मावशीचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येणार नाही अशी मी आशा करत होतो. ती आली. आईला मेथीच्या दोन जुड्या दिल्या, टोपलं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "बाबू, म्या कवा म्हनलं होतं तुले?"

मी म्हणालो, "मावशी, मी नाही लिहिलं. नागपूरवाले आपल्या मनानं टाकतात."

तिनं मान डोलावली. तिला ते पटलं. नागपूर तिनं दोन-तीनदा पाहिलं होतं, तिथले लोक काहीही करू शकतात हे तिला मान्य होतं. टोपलं उचलायला मी हात लावला, तर म्हणाली, "असू दे, तुहे कपडे भरतीन."

टँकर परत सुरू व्हायला बरेच दिवस गेले. मध्ये अक्षय्य तृतीया झाली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतात. वस्तीनं त्या वर्षी ती विहिरीच्या जड पाण्यानं भरली. हे मला आईकडून कळलं. आईनं बाजारातली दुसरी गोष्टही सांगितली, आणि ती मोठ्या कौतुकानं. भाजीच्या ओळीत बायका मावशीला 'उतरली बाई' म्हणून चिडवत होत्या, आणि ती आपल्यासाठी नाही तर माझ्यासाठी भांडत होती. दुकानातल्या बाबूची चूक नाही, नागपूरवाल्यांनी टाकलं, त्या पोराला नावं ठेवू नका. आई म्हणाली, "तुह्यावर किती जीव आहे पाय तिचा." मी जेवणावरून उठलो. आईला वाटलं, भाजी खारट झाली.

तेव्हा सांगता आलं असतं. मग पावसाळ्यात सांगता आलं असतं, दिवाळीत आलं असतं. ती रोज दारी येत होती. माझं लग्न झालं तेव्हा ती कोथिंबिरीची मोठी जुडी घेऊन आली आणि बायकोला म्हणाली की मुलगा साधा आहे, सांभाळ. जितके दिवस गेले तितकं ते सांगणं जड होत गेलं, आणि मी हलक्या गोष्टी उचलणारा माणूस. 'उतरली बाई' हे नाव मात्र तिला चिकटलंच. नव्या सुनांना मूळ गोष्ट ठाऊक नव्हती, तरी त्याही तिला त्याच नावानं ओळखत.

पुढे दुकानात फॅक्स आला, पाकीट बंद झालं, मग मोबाइल आले. दोन हजारनंतरच्या एका वर्षी त्या वस्तीत पाण्याची नवी टाकी झाली आणि नळाला खरोखर पाणी आलं. या वेळी मी उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पाणी धो धो येत होतं. मी हात लावून पाहिलं, पिऊनही पाहिलं. मग वही काढून बायकांना प्रतिक्रिया विचारू लागलो. बायका हसून बाजूला होत, म्हणत, बोलू बापा, पण नाव नको टाकू. एकीनंही नाव दिलं नाही. मी कारण विचारलं नाही.

मावशी आपल्या दाराशी बसली होती. टोपलं सुटून दोन-तीन वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. मला पाहून तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं, नळाचं. म्हणाली, "माहं नाव लिव. पर पयले मले वाचून दाखवजो. त्या नागपूरवाल्यायचा भरवसा नाई."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. आणि मग सांगितलं. ते नागपूरवाल्यांनी टाकलं नव्हतं मावशी, मीच लिहिलं होतं, दुपारीच, दुकानात बसून, नळ उघडायच्या आधी. बूथचंही सांगितलं. नगरपरिषदेत खरं दडवलं तेही.

ती नळाकडे पाहू लागली. तिथं बायकांची गर्दी होती, भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"मंग इतके वर्सं," ती म्हणाली, "मी तुह्यासाठी लोकायसंग भांडली, त्याचं काय बाबू?"

मी पाणी प्यायलो, पेला खाली ठेवला. सुनेनं पेला उचलून नेला. पुन्हा कधी तिनं मला बाबू म्हटलं नाही, तसं म्हणायला तिचे फार दिवस उरलेही नव्हते.

बातमी मी त्याच संध्याकाळी पाठवली, टाकीची क्षमता, पाहुण्यांची नावं, सगळं बरोबर. रात्री आठला डेस्कवरून फोन आला. महिलांची प्रतिक्रिया नाही का एखादी?

कुणी काही बोललं नाही, मी म्हणालो.