तांदळातली बरणी

१९९७च्या जूनची सकाळ. आखातातल्या झिंज वस्तीत सहालाच हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. खदिजा गच्चीवर बसून बांगडे चिरत होती. ऊन चढायच्या आत ते खारवून दोरीवर टांगायचे होते. खालून नवऱ्याची, मुनाफची, हाक आली.

"गो खदिजा, मिठाची बरणी खय ठेवलीस?"

"मीठ खलास झाला!"

"मंग बांगड्यांना काय साखर लावतंस?"

बरणी तिनं तांदळाच्या डब्यात पुरली होती. तो आंघोळीला गेल्यावर काढणार होती.

मुनाफ जवळच्या सित्र्याला कारखान्यात वेल्डर. पोरवयापासून मिठाचा वेडा. येताजाता खडा जिभेवर. रमजानपासून त्याच्या हातापायांत पेटके येऊ लागले. मिठानं रक्तदाब वाढतो एवढं खदिजाला ऐकून ठाऊक होतं, म्हणून तिनं बरणी लपवली. पेटके वाढलेच. गेल्या आठवड्यात परांचीवर त्याची बोटं वळून आखडली, तसं फोरमननं बजावलं: "पुन्हा असं झालं, तर घरचं तिकीट."

आज त्यासाठीच रजा टाकून दोघं दवाखान्यात आली. बरणी काढायला मिळालीच नाही; बांगडे राहिले फ्रीजमध्ये. मूळच्या पुण्याच्या डॉक्टर पूर्णिमांनी रिपोर्ट पाहिले.

"पोटॅशियम कमी, मॅग्नेशियम कमी, बीपीही कमीच. मीठ जास्त खातात का हे?"

"खायचे. आता न्हाय. बरणीच लपवलीय मी," खदिजा ऐटीत म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, मूत्रपिंडात गाळलेलं मीठ परत रक्तात उचलायला पेशींच्या भिंतीत हमाल बसलेले असतात. ह्यांचे हमाल जन्मापासून अधू दिसतात. मीठ लघवीवाटे वाया जातं, आणि त्यापायी पोटॅशियमही. ते हमाल घडवणारा जीन गेल्याच वर्षी सापडलाय."

"म्हंजे हावरटपणा न्हाय ह्यो?" मुनाफ.

"छे. शरीर मागत होतं."

खदिजा खुर्चीत पुढं सरकली. "मंग मीच ह्यांना..."

"तुम्हाला कुठून कळणार? आई-वडील दोघांकडून त्या जीनची बिघडलेली प्रत आली, तरच होतं हे. गोळ्या चालू करू. मीठ मात्र तोडायचं नाही."

डॉक्टरांनी तिथूनच फोरमनला फोन लावला. ठरलं: महिनाभर मुनाफ खाली वर्कशॉपमध्ये. परांची नंतर बघू.

घरी येताच खदिजानं तांदळात कोपरापर्यंत हात घातला. मुनाफ हसायला लागला.

"मी भात खात व्हतो, आन् मीठ भाताखाली!"

"हसताव काय? घ्या." तिनं बरणी पुढं केली. त्यानं दोन खडे उचलले, तिसऱ्याला हात घातला.

"अवो, ठेवा की बांगड्यांना थोडा!"

बरणी काखेत मारून, फ्रीजमधले बांगडे घेऊन ती गच्चीवर गेली आणि एकेका बांगड्याच्या पोटात मीठ भरू लागली.