वच्छीचा निरोप

देवानं माझ्यासाठी काही केलं असं मी सांगितलं, तर पहिले माझ्याच घरचे हसतील. मी भाविक माणूस नव्हतो. आरतीला उभा राहिलो की दुसऱ्याच कडव्याला माझा पाय हलायला लागायचा आणि प्रसाद हातात पडायच्या आत मी चपला शोधायचो. तरी जे घडलं ते लिहून ठेवतो. आता थकलो आहे, आणि हे पोटात ठेवून जायचं नाही मला.

यवतमाळच्या मोटार स्टँडवर मी तिकिटाच्या खिडकीत बसायचो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गाड्या वाढल्या होत्या आणि गर्दी त्याहून वाढली होती. माणसानं तोंड उघडायच्या आत मी त्याच्या हातात तिकीट ठेवत असे. पागोटं पाहून, गाठोडं पाहून ओळखायचो, हा राळेगावचा, हा मारेगावचा. एखादं म्हातारं चंचीची गाठ सोडत उभं राहिलं की मी खेकसायचो, "बुवा, गाठ घरून सोडून येत जा ना!" लोक म्हणत, बाबूचा हात लय चालतो. मला त्याचा मोठा तोरा होता. पण घरी येईपर्यंत अंगात जीव उरायचा नाही. उरायची ती नुसती चिडचिड.

माझी मुलगी वच्छला, आम्ही तिला वच्छी म्हणायचो, नऊ वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तिच्या ओठावर अडून बसे. गल्लीतली पोरं तोतरी म्हणून चिडवत. मी चिडवत नव्हतो, मी त्याहून वाईट करत होतो. तिचं वाक्य मीच पुरं करून टाकायचो. "पाणी पाहिजे? पाटी फुटली? बरं, जा." माझी माय, म्हणजे वच्छीची आजी, मला म्हणायची, "अरे, लेकराले बोलू तं दे. तुयी काय गाडी सुटून राह्यली?" माझी गाडी खरंच रोज सुटत असायची.

त्या पावसाळ्यात माय अंथरुणाला खिळली. भाद्रपदातला बाजाराचा दिवस होता, खिडकीसमोर मारुतीच्या शेपटासारखी रांग. तेवढ्यात वच्छी गर्दीतून घुसली, धापा टाकत, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून. "बा... बा... बा..." तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी म्हणालो, "समजलं. घरून डबा मागवला ना? हा घे अन् पळ. दिसत नाही काय गर्दी?" रिकामा डबा मी गजांतून तिच्या हातात कोंबला. ती गेली नाही, तोंड हलवत तशीच उभी राहिली. रांगेतलं कोणीतरी हसलं. मी पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं. पुन्हा पाहिलं तर ती नव्हती.

संध्याकाळी घरी आलो तो दाराशी माणसं जमलेली. माय दुपारीच गेली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, बाबू आला काय, बाबू आला काय. बायकोला तिच्याजवळून हलता येईना, म्हणून तिनं वच्छीला पाठवलं होतं. बायको मला रागानं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी आलती ना तुमच्याकडं?" वच्छी कोपऱ्यात बसली होती. तो डबा अजून तिच्या मांडीवर होता.

इतक्यावर तरी मी सुधारावं की नाही? दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरेना. बायका कुजबुजू लागल्या, म्हातारीचं मन कशात तरी अडकलं आहे. कशात, ते मला चांगलं ठाऊक होतं. पण दुपारची ड्युटी होती, ऊन तापलं होतं, आणि मला तिथं उभं राहवेना. मी भटजींना म्हणालो, दर्भाचा कावळा करा अन् शिववा. ते म्हणाले, जरा वेळ पाहू. मी म्हणालो, किती पाहणार? शेवटी गवताच्या कावळ्यानं पिंड शिवला आणि मी कामावर गेलो. स्वतःच्या आईला मी दोनदा ताटकळत ठेवलं.

माय गेली त्या दिवसापासून वच्छीनं बोलणंच सोडलं. अडखळणंही गेलं. मान हलवायची, बोट दाखवायची, बस. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरीच ठेवा. चार महिने त्या घरात पोरीचा आवाज नव्हता. मला वाटायचं, ही आता मुकीच राहणार, आणि हे मी केलं. रात्ररात्र डोळा लागत नसे आणि सकाळी पुन्हा खिडकीत जाऊन लोकांवर ओरडायचो.

बायकोनं कुठून तरी ऐकलं की घाटंजीच्या पुढं एका खेड्यात बालाजीचं देऊळ आहे, तिथं रात्रभर शंखात ठेवलेलं पाणी पाजलं की वाचा फुटते. माझा विश्वास नव्हता, पण दुसरा इलाजही नव्हता. एक दिवसाची रजा काढली. त्यातही माझा हिशेब तयार होता. दहाला पोचायचं, पाणी पाजायचं, साडेबाराच्या मोटारीनं परत.

मी आणि वच्छी पोचलो तर देवळाला कुलूप. पुजारी कापूस वेचायला गेलेला. मी कुलूप खडखडवलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा खडखडवलं. शेवटी दाराच्या फटीतून आतल्या अंधाराला म्हणालो, "वा रे देवा! तुयीबी खिडकी बंदच काय?"

पायरीवर एक म्हातारी लमाणीण बसली होती. हातभर पांढऱ्या बांगड्या, मांडीवर लाल कापड, त्यावर आरशाचे तुकडे टाचत होती. वच्छी जाऊन तिच्याजवळ बसली. म्हातारीनं मोठ्या आवाजात विचारलं, "तारो नाम कांई, छोरी?"

नाव विचारतेय एवढं समजलं. सवयीनं मीच तोंड उघडलं. तिनं मान न वळवता, डोळ्याच्या कडेनं पाहून सुईचा हात वर केला. मी गप्प झालो. का झालो, सांगता येत नाही. जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. म्हातारी टाका घालायची, मान वर करून वच्छीच्या तोंडाकडं पाहायची, पुन्हा टाका घालायची. तिला उत्तराची काही निकड नव्हती. उत्तर आलं नसतं तरी ती तशीच बसली असती. सावली एक पायरी उतरली. माझी साडेबाराची मोटार रस्त्यावरून गेली, तिचा भोंगा मी ऐकला, आणि बसून राहिलो.

"व..." वच्छी म्हणाली. "व... व... वच्छला."

म्हातारीनं "हां" केलं आणि दोऱ्याचं टोक तिच्या हातात धरायला दिलं. जणू काही विशेष झालंच नव्हतं. मी देवळाच्या खांबाला धरून रडत होतो.

पुजारी आला, धोतराच्या सोग्यात कापूस घेऊनच. त्यानं वच्छीला शंखातलं पाणी दिलं. मीही ओंजळ पुढं केली. तो हसला, "बिमारी पोरीले हाये की तुमाले?" मी म्हणालो, "मले दोन पळ्या जास्तच द्या." निघताना मी म्हातारीबद्दल बोललो, तिनं किती शांतपणे ऐकून घेतलं म्हणून. पुजारी म्हणाला, "तिनं? अहो, तिचे दोन्ही कान कवाचेच गेले. तिले ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही."

मी वळून पाहिलं. म्हातारी टाके घालत होती.

दुपारची शेवटची मोटार धुरळा उडवत आली. ड्रायव्हर ओळखीचा. गाडी थांबवून ओरडला, "चला बाबू, बसा!" मी पाय उचलला आणि वच्छीनं माझा सदरा धरला. "बा... बा..." गजांशी उभी होती तेव्हा होत्या तशाच मानेच्या शिरा. भोंगा वाजला. आतले लोक ओरडू लागले, "या ना भाऊ, काहून उशीर करून राह्यले?" ती घाबरली, ओठ मिटायला लागले. मी हातानं ड्रायव्हरला खूण केली, जा. त्यानं कपाळावर हात मारला आणि गाडी सोडली. मी रस्त्यातच तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"बाबा," वच्छी म्हणाली, "आ... आजी बोलावते तुमाले. ल... लवकर चला म्हणे."

चार महिने ते वाक्य तिच्या गळ्यात होतं. ते सांगितल्याशिवाय दुसरं काही सांगायला तिला जागाच नव्हती. आणि मी देवाकडं तिची वाचा मागत होतो!

मी म्हणालो, "आलो, बेटा. हा निघालोच." तिनं मान हलवली, निरोप पोचल्यासारखी. मग आम्ही घाटंजीपर्यंत पायी गेलो. रस्ताभर ती अडखळत बोलत होती आणि मी चालत होतो.

वच्छी आजही अडखळते. शंखाच्या पाण्यानं तेवढं काही केलं नाही, आणि मी पुन्हा मागितलंही नाही. खिडकीतली गर्दीही काही कमी झाली नाही आणि माझा तोंडाळपणा सगळा गेला असं म्हटलं तर बायको साक्ष देणार नाही. पण त्या बंद दाराचे, त्या बहिऱ्या म्हातारीचे आणि सुटलेल्या दोन मोटारींचे उपकार मी विसरलो नाही. माणसाच्या हातात फार थोडं असतं. थांबणं मात्र असतं, आणि तेच मला देवाकडून उसनं घ्यावं लागलं.

मायच्या वर्षश्राद्धाला घड्याळ घरात काढून ठेवलं. कावळ्यासाठी पान अंगणाच्या भिंतीवर ठेवलं आणि मी आणि वच्छी ओट्यावर बसलो. ऊन अंगणातून सरकत पार दारापर्यंत आलं. बायको दोनदा येऊन पाहून गेली. मी म्हणालो, असू दे, मायला यायचं तेव्हा येईल, मी आहे इथंच. बऱ्याच वेळानं कावळा भिंतीवर उतरला, मान वाकडी करून आमच्याकडं पाहिलं आणि भाताला चोच लावली. वच्छी सांगू लागली, "आ... आ..." मलाही दिसत होतंच. तरी तिचं सांगून होईपर्यंत मी तिच्या तोंडाकडं पाहत बसलो.