मान खाली घालून उडणारे भावोजी

माझे भावोजी पार्सलांचं विमान चालवतात, म्हणजे चालवायचे. चार सीटचं, एका पंख्याचं, पावसात गळणारं विमान. पूर्वी ते खिडकीतून खाली बघून वाट काढत. तलाव दिसला की उजवीकडे, कारखान्याची चिमणी दिसली की सरळ. मग मालकांनी विमानात जीपीएस बसवलं आणि भावोजींना साक्षात्कार झाला. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांचेच असतात, भावोजींचे संपेचनात.

त्या यंत्राला दुपदरी बटण आहे. बाहेरची कडी फिरवली की पुढच्या चौकटीत जायचं, आतली फिरवली की अक्षर बदलायचं. असं अक्षर अक्षर जुळवून वाटेतला एकेक टप्पा भरायचा. याला भावोजी ‘प्लॅन भरणं’ म्हणत आणि त्या वेळी कोणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. घरी टॅबलेटवर सराव चाले. ताई भाजी वाढायला आली की म्हणत, “थांब, टप्पा भरतोय.”

“आधी पोट भरा,” ताई म्हणायची.

गाडीतही तेच. स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी आले तरी नकाशा सांगेपर्यंत वळायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, “भावोजी, ते समोर तुमचंच घर.” तर म्हणाले, “दिसतं त्यावर विसंबू नये.”

मग परीक्षा आली. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं: नव्या यंत्रासकट पास झालात तर उडा, नाहीतर गोदामात पार्सलं बांधा. भावोजींना उडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, आवडतही नाही. त्या आठवड्यात ताईनं घरात टीव्ही लावला नाही.

मी त्या विमानात कसा? पुढे दोघंच बसले तर नाक जड होतं, म्हणून मागे वजन ठेवावं लागतं. वाळूची पोती नेमकी भिजली होती. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हा आहे की.”

परीक्षक बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. जमिनीवर भावोजींनी अख्खा प्लॅन भरला, एकही चूक नाही. बाईंनी मान डोलावली. आम्ही उडालो आणि पहिला टप्पा यायच्या आतच त्या म्हणाल्या, “पुढे वादळ आहे असं समजा. परत चला.”

हे एका बटणाचं काम. त्यावर बाणसुद्धा काढलाय. तो दाबायचा, धावपट्टी निवडायची, संपलं. तेही नको असेल तर नुसती मान वळवायची. भावोजींनी सगळा प्लॅन पुसला आणि नव्यानं भरायला घेतला. मान खाली, जीभ दातांत. विमान रामभरोसे. ते आपलं डावीकडे कलून गोल फिरायला लागलं. मी खिडकीतून पाहिलं तर खाली आमचीच धावपट्टी. कुंपणापाशी माझी स्कूटर आणि तिच्या शेजारी डोळ्यांवर हात धरून उभी असलेली ताई. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे वळसाही कळशाभोवतीच चालला होता.

“भावोजी...” मी म्हटलं.

“पोती बोलतात का कधी?”

“धावपट्टी कुठे आहे, सांगाल?” बाईंनी विचारलं.

“सांगतो ना. एकच अक्षर राहिलंय.”

स्कूटर पुन्हा आली. या वेळी मोठी दिसली, म्हणजे आम्ही खाली येत होतो. बाईंनी विमान आपल्या हातात घेतलं, वळवलं आणि उतरवलं. चाकं जमिनीला लागली तेव्हा भावोजींनी मान वर केली.

“भरला,” ते म्हणाले. “आता विचारा.”

बाई कागदावर ‘नापास’ लिहीत होत्या. विचारलं ते ताईनं, घरी जाताना. “मी खालीच उभी होते. दिसले नाही?”

आता भावोजी गोदामात पार्सलं बांधतात. परीक्षा पुन्हा देता येते, पण मालक विषय काढू देत नाहीत. टेबल त्यांनी खिडकीपाशी ओढून घेतलंय. परवा मी डबा द्यायला गेलो तेव्हा हातात सुतळी तशीच होती आणि डोळे बाहेर. धावपट्टीच्या टोकाशी त्यांचंच विमान पंखा फिरवत उभं होतं. आत नवा पायलट, त्याची नुसती टाळू दिसत होती.

“मान वर कर रे,” भावोजी काचेला सांगत होते.

चेष्टा माझ्या अगदी ओठांवर आली होती. मी डबा ठेवला आणि बाहेर पडलो.