पर्समधला पंप

कुरकुंभच्या एका रसायनाच्या कंपनीत मी नर्स आहे. आमच्याकडे टाक्या धुवायला माणसं आत उतरतात, तेव्हा त्यांच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो आणि तोंडावर मास्क. उतरण्याआधी ती माझ्याकडे येतात. मी बीपी बघते, नाडी बघते आणि ठरलेले प्रश्न विचारते. दमा आहे का, फिट येते का, रात्री घेतली होती का. उत्तरं लिहून खाली सही करते. माझी सही नसेल तर माणूस आत जात नाही.

मागच्या दिवाळीआधी राहू गावच्या एका कंत्राटी कामगाराला मी रांगेतून बाहेर काढलं. दमा विचारला तर तो म्हणाला, "न्हाई सिस्टर." छातीला स्टेथो लावला तर आत शिट्टी वाजत होती. मी आवाज खाली ठेवला नाही. म्हटलं, "खोटं बोलून आत जायचं, आणि मेलात तर निस्तरायचं कुणी? लाज वाटत नाही का?" त्याच्या मागे पाच-सहा जण उभे होते. त्यातला एक हसला. कामगार एवढंच म्हणाला, "टाकीवर न्हाई घेतलं तर ठेकेदार मला आणनार न्हाई हो."

ठेकेदाराने त्याला खरंच परत आणलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. नियम बरोबर होता, आजही आहे.

आता आमच्या घराचं. आम्ही चौफुल्याला राहतो. मी कुरकुंभला जाते, नवरा रांजणगावला. तो तिथे लाइनवर सुपरवायझर आहे आणि घरीही त्याच आवाजात बोलतो. मुलगा बारावीत, मुलगी दहावीत. मुलीला चौथ्या वर्षापासून दमा आहे, तोंडात फवारे मारायचा पंप तेव्हापासून सोबत असतो. आमच्या भागात सगळीकडे ऊस आणि गुऱ्हाळं, थंडीत धुराला तोटा नाही. सुट्टीत सासरच्या मळ्यात सगळी चुलत भावंडं विहिरीत उड्या मारायची आणि ही काठावर बसून त्यांच्या चपला आणि टॉवेल राखायची. कधी रडली नाही. कोणाचा टॉवेल कोणता हे तिला अचूक माहीत असायचं.

मालवणला स्कूबा करायला जायचं मुलाने ठरवलं. सासऱ्यांना ते पटलं नाही. म्हणाले, "मासं बघाय एवढ्या लांब? भिगवणच्या बाजाराला जा की. टोपल्याच्या टोपल्या बघा."

मुलगी म्हणाली, "आबा, ते मेलेले असतात."

"मग जित्त्याचं काय येगळं आस्तंय? त्येबी डोळं उघडंच ठेवून बघत्यात."

महिनाभर ती मोबाइलवर समुद्राखालचे व्हिडिओ बघत होती. तिला कोणी विचारलं नव्हतं की तू खाली जाणार का, आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिने फक्त नवा टॉवेल घेतला. निळा, स्वतःचा.

मालवणला आम्ही मोठ्या ठिकाणी गेलो नाही. खोलीच्या मालकाने त्याच्या ओळखीचं एक जोडपं सुचवलं. एक बोट, घराच्या पडवीत सिलिंडर भरायचं मशीन, बोटवाला नवरा आणि त्याचा मेहुणा पाण्यात उतरणारे, बायको फॉर्म भरून घेणारी. प्लास्टिकच्या टेबलावर तिने चार फॉर्म ठेवले आणि विचारलं, "ताई, दमो, बीपी, फिट, कानाचो काय त्रास आसा काय कोणाक?"

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, पंपाचं?"

मी टेबलाखाली तिचा पाय माझ्या पायाने दाबला. चौघांचे फॉर्म मीच भरत होते. तिच्या फॉर्मवर दम्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, खाली पालक म्हणून सही केली. माझा नवरा तेव्हा बाहेर चहा पीत होता. वर मी त्या बाईला सांगितलंही, "मी कंपनीत नर्स आहे. सिलिंडर लावून उतरणारी माणसं मीच तपासते." ते मी का सांगितलं हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती हसली. "नर्स आसात? मगे तुमका काय सांगूचा." आणि फॉर्म न वाचता तिने फाइलला लावले.

माझा हिशेब असा होता, की तिला दोन महिन्यांत पंप लागलेला नव्हता. पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. माणूस हात धरून नेणार आणि दहा मिनिटांत वर आणणार. आणि पंप माझ्या पर्समध्ये होता. सिलिंडरमधली हवा कोरडी असते, दम्याच्या माणसाला ती लावत नाहीत, असं सांगणारा कागद कंपनीतल्या माझ्या खोलीच्या भिंतीवर मीच चिकटवलेला आहे.

बोटीवर आमच्याशिवाय पुण्याचं एक कुटुंब होतं. आमचा मुलगा आधी जाऊन आला. मग ती बोटवाल्याच्या मेहुण्याबरोबर गेली. जाताना तिने माझ्याकडे बघून अंगठा आणि तर्जनी जोडून सगळं ठीकची खूण केली, नुकतीच शिकवली होती ती. मी चष्मा पुसला.

चार-पाच मिनिटांत ते वर आले. मेहुणा तिची मान पाण्याबाहेर धरून पोहत होता. बोटीत ओढून घेतली तेव्हा ती खोकत होती, आणि खोकला संपल्यावर तो आवाज सुरू झाला, जो मी अकरा वर्षं ओळखते. खांदे वर, मानेखाली खड्डा. "पाणी गेलं असेल," मेहुणा म्हणाला. माझा नवरा बोटवाल्यावर ओरडला, "काय बघून सोडता हो पोरास्नी खाली? काय ट्रेनिंग-बिनिंग हाय का न्हाई तुमचं?" पुण्याच्या गृहस्थांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

पर्स माझ्या मांडीवर होती. चेन उघडून पंप बाहेर काढायला दोन सेकंद पुरतात. मी काढला नाही. बोटवाला माझ्यासमोर होता आणि पंप दिसला की त्याला सगळं कळणार, हा विचार माझ्या डोक्यात आला. माझी मुलगी समोर श्वास ओढत होती आणि मी हा विचार करत होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. फार नसेल. तिने माझ्या पर्सकडे हात केला तेव्हा मी चेन उघडली.

दोन फवारे, थांबून आणखी दोन. हळूहळू खांदे खाली आले. बोटवाला पंपाकडे बघत होता, मग माझ्याकडे.

नवरा पुन्हा सुरू झाला. "दमा हाय म्हणून सांगितलं असंल ना हिनं तुम्हाला? तरी सोडली?"

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "मी टाकतोच हे. लोकांना कळायला पाहिजे. असल्यांची परमिशन काढून घेतली पाहिजे."

बोटवाल्याने आपल्या मेहुण्याला नांगर वर घ्यायला सांगितलं. त्याची अख्खी बोट त्या मोबाइलमध्ये होती, बाजूवर रंगवलेल्या नावासकट. मी गप्प होते. किनारा येईपर्यंत गप्प राहिले असते की काय, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. तशी वेळ आली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळलेली मुलगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पप्पा, त्यांना माहीत नव्हतं. आईने 'नाही' लिहिलं."

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "काय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "मी खोटं लिहिलं. यांची काही चूक नाही." मग पुण्याच्या गृहस्थांना म्हटलं, "दादा, आता माझ्याकडे धरा मोबाइल. हेही घ्या त्यात." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांची बायको म्हणाली, "डिलीट करा हो ते." त्यांनी केलं. माझ्यासमोर केलं, मी बघितलं.

बोटवाला इंजिन सुरू करता करता म्हणाला, "ताई, सांगितलं असतं तर मी तिला वरच ठेवलं असतं. नुसता मास्क लावून बोटीच्या कडेने दाखवले असते मासे. दिसतात छान." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

किनाऱ्यावर मी त्याच्या बायकोकडून तो फॉर्म मागून घेतला. खाडाखोड करायची नाही, एकच आडवी रेघ मारायची, वर खरं लिहायचं, शेजारी सही, तारीख आणि वेळ. हे मी नव्या मुलींना कामावर शिकवते. तसंच केलं. 'नाही'वर रेघ, वर 'आहे'. तिने वाचलं आणि या वेळी फाइलला लावण्याआधी पुन्हा एकदा वाचलं. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "चेडवाक आधी दवाखान्यात दाखवा." दाखवलं. मुलगी ठीक होती.

परतीच्या रस्त्यात कराडला चहाला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "मला ओरडू दिलंस त्या माणसावर."

कामावर मी तेच प्रश्न विचारते. कोणी खोटं बोलतंय असं वाटलं तर दार लावून विचारते, बाकी काही बदललं नाही. राहूचा तो कामगार आता एका गुऱ्हाळावर असतो, असं कळलं. दमेकरी, आणि गुऱ्हाळावर. सासरी जाताना ते गुऱ्हाळ रस्त्यात लागतं. एकदा मी गाडी हळू केली. तो पेटत्या चुलाणात उसाची चिपाडं घालत होता. मी थांबले नाही.

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेची गडावर सहल होती. फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता. मी सवयीने पेन उचललं.

"दे, मी भरते," ती म्हणाली. रागाने नाही, सरळ म्हणाली. दम्याच्या रकान्यात 'आहे' लिहिलं, पंप कुठल्या कप्प्यात असेल तेही लिहिलं. मग पालकाच्या सहीसाठी फॉर्म घेऊन ती बाहेरच्या खोलीत वडिलांकडे गेली.