चाकावरचा तळहात

यवतला हायवेलगत उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे. जीपमागे ओढायची आमची कॅरव्हॅन मी प्रत्येक सहलीआधी शिरूरहून त्याच्याकडे नेते. छताचे सांधे, दिवे, टायरची हवा मी यादी करून घरीच तपासलेली असते. तो यादी वाचत नाही. "ताई, आधी कासुर्डीपर्यंत जाऊन या," एवढंच म्हणतो. परत आलं की एकेका चाकाच्या मधोमध तळहात ठेवून डोळे मिटतो, लेकराचा ताप बघावा तसा.

या वेळी डाव्या चाकावरून त्यानं हात झटकन काढला.

"बेरिंग गेलंय. आज न्हाई जायचं."

त्याच दुपारी आईला घेऊन घाटातून कोकणात उतरायचं होतं. मी म्हटलं, "हळू नेईन."

"न्या की. चाक पुढं जाईल, तुम्ही मागनं जावा."

मग त्यानं चाक काढलं, दुकानात घरंगळत नेऊन आडवं टाकलं आणि त्यावर बसला.

"आजी, चहा सांगू का?" त्यानं जीपकडे बघून विचारलं.

"साखर कमी," म्हणत आई खाली उतरलीसुद्धा.